पिंपावरचं झाकण

कंडक्टरला तुम्ही ‘पाथरवाडी फाटा’ म्हणालात तर तो दोनदा विचारील. ‘ओंकार स्टॉप’ म्हणालात की लगेच तिकीट हातात ठेवील. कार्ल्याच्या जरा अलीकडे, जुन्या हायवेला आमच्या गावाचा रस्ता येऊन मिळतो तिथे डाव्या कोपऱ्यावर एक पक्का निवारा आहे. आत सिमेंटचं बाकडं, वर पत्रा, आणि गावाकडच्या भिंतीवर बाहेरून, येणाऱ्याला समोर दिसेल असा, काचेच्या चौकटीत एका हसऱ्या पोराचा मोठा फोटो. गेलेल्या पोराच्या नावानं थांबा ओळखला जातो याचा गावाला फार अभिमान आहे. मला त्या निवाऱ्याचा राग येतो. का येतो ते सांगायचं तर त्या पोराच्या आईबद्दल सांगावं लागेल.

मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहायला तळेगावला. सकाळी लोणावळ्याकडे जाणारी बस पकडायची, फाट्यावर उतरायचं आणि गावात चालत जायचं, हा माझा बारा महिन्यांचा शिरस्ता. पोराची आई म्हणजे मुक्ताबाई. ती आमच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. ती माझ्याहून मोठी आहे आणि समोरासमोर मी तिला मावशी म्हणते, पण इथे अहो-जाहो करत बसले तर ती मुक्ताबाई राहायची नाही.

बाई ठेंगणी, आवाज मोठा. शाळेची विळी बोथट आहे म्हणून रोज घरून स्वतःची विळी पिशवीत घालून आणते. कुणी स्वयंपाकीण म्हटलेलं तिला खपत नाही. “मी शाळेत हाय,” असं सांगते, आणि खरं तर मुख्याध्यापकांपेक्षा पोरं तिलाच जास्त भितात. एखादं पोर घरून उपाशी आलेलं असलं तर तिला चेहऱ्यावरून कळतं. मग त्याच्यावर खेकसते, “ताट पुडं कर की रं, नवरा मुलगा हाय का लाजायला?” आणि दुप्पट वाढते. नवरा ऐन तरुणपणी तापानं गेला. खाचर होतं, ते दुसऱ्यांची मदत न घेता केलं, भात लावला, झोडपला, आणि एका मुलाला वाढवलं. कुणापुढे रडली नाही. रडायला बसले असते तर खाचरात कोन उतरलं असतं, असं तिचं म्हणणं.

ओंकार तिचा एकुलता एक. आयटीआय केलं आणि नवलाख उंबऱ्याला एका कारखान्यात लागला. त्याच्या पगारावर मोटारसायकल आली तेव्हा मुक्ताबाईनं गाडीला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ओंकारनं ते चिरडत गाडी पुढे घेतली. त्या दिवशी तिनं शाळेत सगळ्या पोरांना शिरा केला होता. रवा, साखर, तूप, सगळं घरचं.

आता फाट्याबद्दल. आमच्याकडे गावरस्त्यावरून हायवेला लागणारा माणूस थांबत नाही. थांबलं म्हणजे भ्यायला, असा समज आहे. आधी पुढचं चाक हायवेवर घालायचं, मग जमलं तर उजवीकडे बघायचं. ब्रेक हायवेवरच्यानं मारायचा, कारण गाव आमचं आहे, रस्त्यात जमीन आमची गेलेली आहे, तो कोण कुठला मुंबईचा नाही तर पुण्याचा. शनिवार-रविवारी लोणावळ्याला भजी खायला निघालेल्या गाड्या फाट्यावरून सुसाट जातात आणि आमची पोरं त्यांच्या पुढ्यात मोटारसायकली घालतात. बापानं घातली म्हणून पोरगा घालतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

ओंकारनंही तशीच घातली. पहिल्या पाळीला निघाला होता, धुकं होतं, कंटेनर होता. बाकीचं मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गावानं रास्ता रोको केला. टायर जाळले. साहेब आले, निवेदन झालं, आणि माणूस गेलेला असल्यामुळे काम लवकर झालं. गावरस्ता हायवेला मिळतो तिथे डाव्या हाताला खांब रोवून पाटी लावली. लाल, आठ कोनांची, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात ‘थांबा’.

त्या पाटीबद्दल मी चौथीला दरवर्षी शिकवते. त्रिकोणी पाटी सावध करते. गोल पाटी हुकूम करते. उलटा त्रिकोण सांगतो की समोरच्याला आधी जाऊ दे. पण आठ कोन फक्त एकाच पाटीला दिलेत. का, तर ती चिखलानं माखली, रंग उडाला, अक्षर वाचता येईना, तरी नुसत्या आकारावरून कळावं, की थांब. हळू कर असं नाही, थांब. चाक फिरायचं बंद झालं पाहिजे, पाय जमिनीला टेकला पाहिजे. मग उजवीकडे बघ, डावीकडे बघ, पुन्हा उजवीकडे बघ आणि जा. पोरं हे घडाघडा म्हणतात. शाळा सुटली की बापाच्या गाडीवर पुढे बसून न थांबता हायवे ओलांडतात.

तरीही सांगायला हवं, पाटी लागल्यावर काही दिवस लोक थांबत होते. मी बसमधून उतरताना बघितलेलं आहे. पाटीशी गाडी यायची, पाय टेकायचा, मान उजवीकडे वळायची. ओंकारची आठवण ताजी होती आणि पाटी नवी होती.

मग निवारा झाला. ओंकारच्या मागे कारखान्याकडून जे आलं त्यातून मुक्ताबाईनं तो बांधला. तिची इच्छा साधी होती. बसची वाट बघत लोक उन्हात उभे राहतात, म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या कडेला धोंड्यावर बसतात, त्यांच्यासाठी काही व्हावं. ओंकारच्या दोस्तांनी काम अंगावर घेतलं. त्यांचा म्होरक्या प्रदीप. ओंकार आणि तो पहिलीपासून एकत्र, माझ्याच हाताखाली शिकलेले. प्रदीप त्या दिवशी ओंकारच्या मागे बसणार होता, उठायला उशीर झाला म्हणून वाचला. त्या पोरानं निवाऱ्यासाठी स्वतः विटा वाहिल्या, पत्रा चढवला, फोटोची चौकट सिमेंटात पक्की बसवली. त्याच्या मनात खोट नव्हती. या सगळ्या प्रकरणात कुणाच्याच मनात खोट नव्हती, आणि माझा संताप त्यामुळेच जास्त होतो. एखादा नालायक माणूस सापडला असता तर त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते.

उद्घाटन झालं, हार झाले, भाषणं झाली. मंडळी पांगल्यावर मुक्ताबाई गावाच्या बाजूनं चालत आली आणि निवाऱ्याकडे बघत उभी राहिली. मी शेजारी होते. गावाकडून बघितलं की सरकारी पाटी नेमकी फोटोच्या आड येत होती. कपाळ दिसायचं आणि हनुवटी दिसायची, मधलं हसू पाटीमागे.

“पाटी पोराच्या तोंडावर येती रं,” ती प्रदीपला म्हणाली. बाकी काही म्हणाली नाही.

संध्याकाळपर्यंत पोरांनी खांब उपटला. खांब गणपतीच्या मांडवाला कामी आला. पाटीचा पत्रा चांगला जाड होता, तो प्रदीपनं मुक्ताबाईच्या अंगणात नेऊन पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवला, लाल बाजू खाली करून. मापात बसला.

मी सरपंचांना सांगायला गेले. ते म्हणाले, “बाई, आईचं मन हाय. तुमी शाळंचं बगा.” मी हायवेच्या ऑफिसात फोन केला. पलीकडच्या माणसानं बराच वेळ काहीतरी चाळलं आणि सांगितलं, तिथं पाटी लावल्याची नोंद आहे मॅडम, म्हणजे पाटी आहे. मी म्हटलं, मी आत्ता तिथेच उभी आहे, पाटी नाही. तो म्हणाला, नोंद आहे. त्याच्याशी किती वेळ भांडणार?

पाटी गेली आणि तिच्या जागी दुसरंच सुरू झालं. आमच्या लोकांना देवळासमोरून गाडी गेली की हात जोडायची सवय आहे. दोन्ही हात कसे जोडणार, म्हणून डावा हात हँडलवरून सुटतो, छातीला लागतो, ओठांना लागतो, परत हँडलवर. गाडी चालूच. ओंकारच्या फोटोला आधी त्याचे दोस्त असा हात करायला लागले. मग त्यांचं बघून बारकी पोरं. मग दूधवाले, शाळेतले शिक्षक, लग्नाची वऱ्हाडं. कोवळा पोरगा गेला, त्याला हात केल्याशिवाय हायवेला लागायचं नाही, असं ठरूनच गेलं. हायवेची गाडी येते उजवीकडून, आणि सगळं गाव डावीकडे बघून नमस्कार करत रस्त्यावर चढायला लागलं.

मुक्ताबाईला मात्र यात सुख होतं. का नसावं? शाळा सुटली की ती तासभर निवाऱ्यात जाऊन बसायची. येणारा-जाणारा तिच्या पोराला मानतोय हे बघायची. पोरगा गेल्यापासून जेवण सुटलं होतं, ते हळूहळू सुरू झालं. जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताहाला मी वर्गात पाट्यांची चित्रं लावली आणि आठ कोनांची पाटी कुठं असते म्हणून विचारलं, तेव्हा पहिल्या बाकावरची एक चिमुरडी उठून म्हणाली, “मुक्तामावशीच्या पिंपावर.” वर्ग खदखदून हसला. मुक्ताबाई बाहेर तांदूळ धूत होती. तिनं ऐकलं आणि तिथूनच म्हणाली, “पत्रा जाड हाय, बाई. झाकन म्हनून येक नंबर.” मला हसू आलं नाही. पण तिच्या तोंडावर इतक्या दिवसांनी थट्टा आली होती, म्हणून मीही पुढच्या चित्राकडे वळले.

स्नेहल ही गोरखची मुलगी. गोरख मुक्ताबाईचा शेजारी. त्याच्याकडे म्हशी आहेत, दूध लोणावळ्याच्या हॉटेलांना जातं. स्नेहल पोलीस भरतीची तयारी करत होती. उजाडायच्या सुमारास बापाची स्कूटी घेऊन हायवेपलीकडच्या मैदानावर धावायला जायची. गावातून धावत गेली असती तरी चाललं असतं, पण गावातल्या बायका काहीबाही बोलतात, म्हणून मैदान. उंच, काटक, धावताना बघत राहावं अशी मुलगी. शाळेच्या शर्यतीत ती पहिली यायची, आणि दुसरं पोर कुठं आहे ते शोधायला मागे वळून बघावं लागायचं.

त्या सकाळी तिची स्कूटी न थांबता हायवेवर चढली आणि कामशेतकडून येणारा टेम्पो तिला लागला. मागचं चाक उजव्या पायावरून गेलं. टेम्पोवाला पळाला नाही, थांबला, तिला उचलायला खाली उतरला. गावानं आधी त्याला मारलं आणि मग तिला दवाखान्यात नेलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

आता पुढचं ऐका. पोरीचा पाय गेला आणि गावानं काय निष्कर्ष काढला? ओंकारनं तिला वाचवलं. एवढा टेम्पो अंगावर आला आणि पायावर निभावलं, ते काय उगाच? फाट्यावर त्याचा पहारा आहे. फोटोला शेंदूर तेवढा लावायचा राहिला. नारळ फुटायला लागले, अमावास्येला लिंबं दिसायला लागली, आणि आधी जे हात करत नव्हते तेही करायला लागले. गोरख स्वतः पेढे घेऊन मुक्ताबाईकडे आला. तिच्या पाया पडला. “तुमच्या ओंकारमुळं पोर जिती हाय, मावशी,” म्हणाला. पंचविशीतल्या गेलेल्या पोराच्या आईला कुणी असं म्हटलं तर तिनं काय करावं? तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेत मला पेढा देताना तिचे डोळे भरले होते. “गेला ते वाया न्हाई गेला बगा,” म्हणाली. मी पेढा खाल्ला.

स्नेहल घरी आली तेव्हा आम्ही दोघी तिला बघायला गेलो. मुक्ताबाईनं डब्यात मऊ भात आणि मेतकूट घेतलं होतं. गोरख म्हशींकडे गेला होता. स्नेहल खाटेवर बसली होती, अंगावर चादर, आणि चादरीचा उंचवटा एका बाजूला लवकर संपत होता. मी इकडचं तिकडचं बोलले. मुक्ताबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “ओंकारनं राखली गं तुला.”

तेव्हा स्नेहलनं सांगितलं. रागानं नाही, तक्रारीनंही नाही, वर्गात विचारल्यावर उत्तर द्यावं तसं.

“मावशी, मी रोजच्यावानी ओंकारदादाला हात केला. ह्यो असा.” तिनं डावा हात छातीला लावला. “एकच हात हँडलवर व्हता. मी त्याच्याकडंच बगत व्हते. रोज म्हनायचे, दादा, यंदा भरतीत लागू दे. त्या दिशी बी म्हनले. तेवड्यात उजवीकडनं हॉर्न आला. मी उजवीकडं बगितलंच न्हवतं. वर्गात शिकवलेलं माहीत व्हतं, पर बगितलंच न्हाई.”

मुक्ताबाईच्या हातात डब्याचं झाकण होतं. तिनं ते लावलं, काढलं, परत लावलं. मग स्नेहलला भरवलं, सगळा डबा संपेपर्यंत.

बाहेर आल्यावर ती चालायला लागली, तिच्या घराकडे नाही, फाट्याकडे. मी मागे मागे. निवारा दिसायला लागला तिथे ती थांबली.

“बाई, तुमी वर्गात शिकवता ना, आदी उजवीकडं बगायचं?”

“हो.”

“का उजवीकडं?”

“पहिली गाडी उजवीकडून येते, मावशी. जवळच्या बाजूनं.”

तेवढ्यात आमच्या बाजूनं एक मोटारसायकल गेली. चालवणाऱ्यानं फोटोला हात केला, मागे बसलेल्या बाईनं दोन्ही हात जोडले, आणि गाडी हायवेवर चढली. नशीब, काही येत नव्हतं.

“आन् माजं पोरगं मी डावीकडं लावलंय,” मुक्ताबाई म्हणाली.

त्यानंतर ती सगळ्यांकडे गेली. आधी प्रदीपकडे. फोटो काढ म्हणाली. प्रदीप हादरला. चौकट सिमेंटात आहे, फोडल्याशिवाय निघणार नाही, आणि ओंकारचा फोटो फोडायला त्याचा हात धजेना. “मावशी, मला हे सांगू नका. दुसरं कायबी सांगा,” म्हणाला. सरपंचांकडे गेली. ते म्हणाले, ग्रामपंचायतीचा ठराव झालाय, थांब्याला नाव दिलंय, आता ती तुमची खाजगी बाब राहिली न्हाई. मग निदान पाटी तरी परत लावा म्हणाली. ते म्हणाले, अर्ज करू. गोरखकडे गेली आणि त्याच्या पोरीनं सांगितलेलं त्यालाच सांगितलं. तो तिच्यावर ओरडला. पोर भेदरलीय, कायबी बोलती, असं म्हणाला, आणि फोटोला हात लावाल तर माझ्याइतका वाईट माणूस न्हाई. मी गोरखला दोष देत नाही. ओंकारनं वाचवलं असं मानलं तर पोरीच्या पायाच्या बदल्यात निदान जीव मिळाला. ते काढून घेतलं तर त्याच्याकडे काय उरतं? एक नमस्कार आणि एक टेम्पो.

मग एका सकाळी मी बसमधून उतरले तर निवाऱ्याशी मुक्ताबाई शाळेतल्या स्टुलावर उभी. पायाशी वायरचं भेंडोळं आणि पक्कड. हातात पिंपावरचं झाकण. तिनं ते राखेनं घासून घासून लख्ख केलं होतं. ओल्या जागी गंज धरला होता, ‘थांबा’मधल्या ‘बा’चा काना उडाला होता, पण लाल रंग चांगला टिकला होता. पाटी तिनं फोटोच्या काचेवर टेकवली, चौकटीच्या खिळ्यांना वायर गुंडाळली आणि पक्कडीनं पिळायला लागली.

मी स्टूल धरलं. ती खाली बघून म्हणाली, “सरळ हाय का?”

“जरा डावीकडे घ्या.”

घेतली. कपाळ दिसत होतं, हनुवटी दिसत होती. मधे आठ कोन.

प्रदीप कामाला निघाला होता. लांबूनच सवयीनं त्याचा डावा हात सुटला, छातीकडे गेला, आणि तिथेच राहिला. त्यानं करकचून ब्रेक मारला. गाडी आडवी होता होता वाचली. पाय टेकून तो बघत राहिला. मग उतरला.

“मावशी, ओंकारचं तोंड झाकतंय.”

हे वाक्य कुणाचं ते त्याला आठवत नसावं. तिला आठवत होतं.

“झाकू दे,” ती म्हणाली. “ते बगत बगतच पोर चाकाखाली गेली.”

“लोक काय म्हनतील?”

“म्हनू देत. तू उजवीकडं बगितलंस का आता?”

गाडीवर बसताना त्याची मान उजवीकडे वळली. एक डंपर धुरळा उडवत गेला. तो गेल्यावर प्रदीपनं गाडी काढली.

तुम्हाला वाटेल, गाव वरमलं असेल. गाव वरमत नाही. पाटी दोनदा कुणीतरी काढून खाचरात फेकली. ती दोन्ही वेळा चिखलात उतरून घेऊन आली, घासली, बांधली. पोराच्या मरणानं डोकं फिरलंय, असं बायका नळावर बोलायला लागल्या. गोरखच्या घरून बोलणं बंद झालं. स्नेहल तेवढी खिडकीतून हाक मारते, ते बापाला आवडत नाही. मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय निघाला, की जी बाई स्वतःच्या पोराची विटंबना करते तिच्या हातचं पोरांनी खावं का. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले, आणि ऐकवणारा माणूस पाचवीपर्यंत तिच्याच हातची खिचडी खाऊन मोठा झालेला. मी त्या दिवशी जे बोलले ते एका शिक्षिकेला शोभणारं नव्हतं. मुक्ताबाई अजून शाळेत आहे. पुढच्या वर्षी असेल की नाही, सांगता येत नाही.

आणि गाड्या? काही थांबतात. आपणहून नाही, दचकून. हात छातीकडे जातो, फोटोऐवजी लाल काहीतरी दिसतं, ब्रेक लागतो, तोंडातून शिवी निघते, मग मान उजवीकडे वळते. शिवी अर्थात मुक्ताबाईला असते. ती शाळा सुटल्यावर आताही तासभर तिथे जाते, पण निवाऱ्यात बसत नाही. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी राहते आणि कोण थांबतंय, कोण नाही, एवढंच बघते. मी एकदा विचारलं, फोटोपाशी का नाही जात. “जाऊन काय करू? तोंड कुटं दिसतंय?” म्हणाली.

श्रावणात एकदा आम्ही दोघी निवाऱ्याबाहेर छत्रीत बसची वाट बघत होतो. तिला लोणावळ्याला जायचं होतं, मी सोबतीला. झड लागली होती, निवाऱ्याच्या भिंतीवरून पाणी ओघळत होतं. पाटीच्या कडेवरून ते आत शिरत होतं आणि खालच्या बाजूनं मातकट होऊन बाहेर येत होतं. ती बराच वेळ तिकडे बघत होती. मला वाटलं, वायर सैल झालीय का ते बघतेय.

“बाई,” ती म्हणाली, आवाज एकदम लहान करून, “पाटीच्या मागं पानी जात असंल का वो? त्याचा फोटो भिजत असंल का?”

“नाही जात,” मी म्हणाले. “काच आहे ना वर.”

काच सुरुवातीलाच तडकली होती, तिनंच वायर पिळली तेव्हा. मी स्टूल धरून उभी होते, मला दिसलं होतं. तिलाही दिसलं असणार. गावाकडून एक दुधाची गाडी येत होती, आणि आम्ही दोघी ती थांबते का ते बघत उभ्या राहिलो.

थांबली नाही.